माझ्या हातचं स्वच्छ तळघर

१० फेब्रुवारी १९९६, शनिवार

वास येतो म्हणे. आमच्या तळघरातल्या वाइनला वास येतो, आणि हे सांगतो कोण, तर झुरिकचा कोणी सावकार, ज्याने जन्मात बादली उचलली नसेल. ओल्या पुठ्ठ्याचा वास. पेट्या परत पाठवल्या. आमच्या वाल्देसेंदेरा मळ्याच्या पेट्या परत येतात हे मी लग्न होऊन इथे आले तेव्हापासून ऐकलं नव्हतं. या वाइनसाठी लोक यादीत नाव घालतात, दहा वर्षं थांबतात, आणि मरताना यादीतली ती जागा मुलाला देऊन जातात. आणि त्या सावकाराच्या बायकोचं नाक वर: पुठ्ठा. पत्र तिनेच लिहिलं होतं म्हणे. तरीच.

हं. आता वहीला नमस्कार. मी ओनेसिमा, तेओदुलोची विधवा. नाताळात माझा उजवा हात आखडला, ओठ एका बाजूला उतरला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, रोज चार ओळी लिहा, हात सुटेल. शाळा मी दोन हिवाळे केली, तीही चर्चच्या जोगिणींची, तिथे लिहिण्यापेक्षा गुडघे टेकणं जास्त. पण हात सुटायला हवा. फरशी पुसायला तोच लागतो.

इथे फाटकाजवळच्या घरात आम्ही तिघं. मी, मुलगा सातुरिओ, त्याची बायको विसी. घर मालकांचं. सातुरिओ तळघराचा मुकादम, आधी त्याचा बाप होता. आणि तळघराची सफाई माझी. पगार नाही, हट्ट आहे.

तेओदुलो होता तेव्हा भिंतींना हात लावू देत नसे. काळी बुरशी लोंबायची, मेंढीच्या लोकरीसारखी. म्हणायचा, तळघराचा कोट आहे तो, उतरवू नकोस. चांगला माणूस, पण पायमोजेसुद्धा मी सांगितल्याशिवाय बदलत नसे. तो ८६ ची द्राक्षं पिपात घालून गेला. पाठोपाठ म्हातारे मालक गेले. मग त्यांची मुलगी मेन्सिया, आम्हाला दोन्या मेन्सिया, म्हणजे बाईसाहेब, माद्रिदहून आली आणि पाहुणे आणायला लागली. पहिल्याच दिवशी पायऱ्यांवर झगा वर धरून उभी राहिली. म्हणाली, "ओनेसिमा, तुमच्या स्वयंपाकघरात जमिनीवर जेवता येईल. तिथे करता तेच इथे करा."

केलं. भिंती, तुळया, पिपांचे लाकडी ठोकळे, सगळं. गरम पाणी, कुंचा आणि ब्लीच. मागच्या वर्षी जपानी पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आता वास येतो म्हणे.

१८ फेब्रुवारी

बुचांचा दोष निघाला. बूच पुरवणारा एक्स्त्रेमादुराहून आला होता, दोन्या मेन्सियाने त्याला उभ्याउभ्या झाडलं. माणूस टोपी फिरवत राहिला. मला बरं वाटलं. मी आधीच म्हटलं होतं, त्याच्या गाडीत कुत्रा असतो.

५ मार्च

बूच नाही. सातुरिओने पिपातून सरळ पेल्यात काढलेली वाइन घरी आणली, बुचाला कधी न शिवलेली. हुंगली, पुन्हा हुंगली. विसीला दिली. विसीने नाक मुरडलं आणि मग माझ्याकडे पाहून सरळ केलं. मला म्हणाला, "आई, हे पी."

मी प्यायले. वाइनसारखी वाइन. त्याने विचारलं, वास? मी म्हटलं, माझं नाक सगळा जन्म बादलीवर वाकलेलं आहे, त्याला ब्लीच सोडून काही कळत नाही. ब्लीच कळलं की जागा स्वच्छ झाली, इतकं मला पुरतं.

तो हसला नाही. सूप तसंच ठेवून उठला.

मी रात्रीचं जेवण आवरून विचार केला. वास असेल तर घाणीचाच असणार. घाण कुठे आहे ते शोधायचं. उद्यापासून आठवड्याला दोनदा.

२ एप्रिल, पवित्र आठवड्यातला मंगळवार

आठवड्याला तीनदा. तुळयांच्या सांध्यांत मी दात घासायचा ब्रश घातला. ब्लीच निम्म्याला निम्मं पाणी. डोळे चुरचुरले, पण लाकूड कसं पांढरंफटक निघालं. विसी पायऱ्यांवरून म्हणाली, "आई, आता तळघरात झोपायचीच काय ती राहिलात." मी म्हटलं, तुझ्या चादरींपेक्षा ही फरशी मऊ आहे.

गावात कुजबुज सुरू झाली आहे. चर्चमध्ये दोघी बाया माझ्याकडे पाहून गप्प झाल्या. एकीच्या नवऱ्याला मागच्या वर्षी सातुरिओने दारू पिऊन आला म्हणून हाकललं होतं. दुसरीचं कारण मला माहीत नाही, पण असेल काहीतरी, ती मुळातच गप्प होणारी आहे.

दोन्या मेन्सियाने सातुरिओला बोलावून विचारलं, पिपं नीट धुतली जातात का. त्याने घरी येऊन इतकंच सांगितलं. मी विचारलं, तू काय उत्तर दिलंस. म्हणाला, धुतली जातात. मी म्हटलं, तिला सांग खाली येऊन फरशी चाटून बघ म्हणावं. तेव्हा मात्र थोडा हसला. खूप दिवसांनी.

२४ एप्रिल

दोन्या मेन्सियाने बोलावलेला, फ्रान्सच्या बोर्दोचा वाइन तपासणारा माणूस आला. सडपातळ, दोन चष्मे, एक नाकावर एक गळ्यात. तळघरात त्याने पांढऱ्या मातीच्या बशा ठेवल्या, हवा पकडायला म्हणे. तुळयांना टोचून लाकडाचा भुसा काढला. माझ्या घासलेल्या तुळयांना भोकं पाडली.

मग मला म्हणाला, मॅडम, इतकं सुंदर स्वच्छ कसं ठेवता. मोडकं स्पॅनिश, पण अदबीने. सातुरिओ माझ्या मागे उभा होता. मला वाटलं, हा आमच्या पोराच्या चुका शोधायला आलाय, याच्या हातात एक धागाही द्यायचा नाही. शिवाय तेओदुलो कडक वासाचं काही खाली नेऊ देत नसे, आणि ते सातुरिओलाही माहीत होतं. ब्लीच मी पाण्यात मिसळून झाकलेल्या बादलीतून न्यायचे. म्हणून म्हटलं, "गरम पाणी आणि हाताचा जोर."

खोटं काहीच नव्हतं. फक्त पुरं नव्हतं.

तो म्हणाला, बरं. आणि माझ्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची कातडी सोललेली होती. सातुरिओनेही पाहिलं.

२ मे

हात सुटतोय. नर्स बरोबर होती. अक्षर अजून कोंबडीचं.

थंडी परत आली, खालच्या मळ्यात कोवळे कोंब काळे पडले. एरवी सातुरिओ सगळी रात्र मळ्यात काढतो. यंदा खुर्चीत बसून राहिला, जसं काही मळा दुसऱ्याचा आहे.

१६ मे

काल सान इसिद्रोचा सण. मेंढीचं कोकरू भाजलं, चांगलं झालं होतं, कोणी नीट खाल्लं नाही. आणि आज ही तऱ्हा.

सकाळी जिन्याखालच्या फडताळात ब्लीचच्या बाटल्या नाहीत. अंगणात गेले तर सातुरिओ गटारात ओतत होता. एकेक बाटली उघडत होता, ओतत होता, बाजूला ठेवत होता. मी विचारलं, डोकं फिरलं का. म्हणाला, तळघराची किल्ली दे. मी म्हटलं, का. म्हणाला, पायऱ्या निसरड्या आहेत, तुझं वय झालं, तुला आधीच एकदा झटका येऊन गेलाय, पुन्हा पडलीस तर मला निस्तरावं लागेल.

अशा स्वरात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. विसी खिडकीत उभी होती. हे तिचंच. ती कधीपासून सांगते, आईंना आता घरी बसवा. मी किल्ली टेबलावर फेकली, फुलदाणीला लागली, फुलदाणी विसीची होती. तेवढंच समाधान.

मी इथून पुढे तळघर पुसणार नाही. बुरशी येऊ दे. लोकर लोंबू दे.

६ जून

सातुरिओला काढलं.

बोर्दोचा निकाल आला. सगळं तळघर नासलं आहे. एखाद-दुसरं पीप नाही. हवा, लाकूड, पिपं, आतली वाइन, आणि गेल्या कित्येक वर्षांत बाटलीत भरलेलीही. क्लोरीन नावाचं काही लाकडावर पडलं, ते लाकडाशी आणि बुरशीशी मिळून विष झालं, आणि ते विष हवेतून सगळीकडे गेलं. प्यायल्याने माणूस मरत नाही, पण वाइन मरते. रोज त्याच हवेत वावरणाऱ्याला कळत नाही, त्याचं नाक सरावतं. असं त्याने लिहिलं, आणि दोन्या मेन्सियाने सातुरिओला वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, कोणी वापरलं. सातुरिओ म्हणाला, मी.

हे मला विसीने सांगितलं, रडतरडत. ती रडते तेव्हा आवाज करते, त्यामुळे निम्मं मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

क्लोरीन. मी इतकी वर्षं खाली होते, त्याला कधी काही लावताना पाहिलं नाही. म्हणजे माझ्या पाठीमागे केलं. मी घासायची, आणि हा नंतर येऊन त्यावर औषधं मारायचा. घर सान मिगेलला सोडायचं, सप्टेंबरअखेर. या खोऱ्यात त्याला आता कोणी पीप उचलायलाही ठेवणार नाही.

मला विचारलं असतं तर. पण आईला कोण विचारतं.

१९ जून

टँकर आले. रस्त्यावर रांग. पिपं नळीने रिकामी केली. बाटल्या फोडता येत नाहीत, काच मिसळते, म्हणून गावातली माणसं रोजाने लावून एकेक बूच काढायला लावलं आणि वाइन मोठ्या टाकीत ओतली. सगळं अंगण जांभळं. माशा.

म्हातारे टोप्या काढून कुंपणाला उभे राहिले, मयताला राहतात तसे. बुचं काढणाऱ्या आबुन्दिओने हाताला लागलेली वाइन चाटली आणि म्हणाला, मला तर झकास लागते. कोणी हसलं नाही, मग तोच हसला. त्याची बायको म्हणाली, गावातल्या एकालाही ही वाइन कधी परवडली नाही, आता गटाराला परवडली. गटारात नाही, मी म्हटलं. भट्टीत चालली. स्पिरिट करणार आहेत, दवाखान्याच्या लाद्या पुसायला.

८६ च्या बाटल्या शेवटी काढल्या. त्या यंदा शरदात यादीतल्या लोकांना जाणार होत्या. तेओदुलोच्या हातच्या शेवटच्या. मी जाऊन एक हातात घेतली. धूळ पुसली, सवयीने. बूच काढणाऱ्याने ती माझ्या हातातून घेतली, मी सोडली.

सातुरिओ फाटकाला उभा होता, सकाळपासून शेवटचा टँकर जाईपर्यंत. त्याला कोणी नमस्कार केला नाही. मीही त्याच्याजवळ गेले नाही.

जेवताना मी म्हटलं. आता लिहून ठेवते, कारण म्हटलं आहे. म्हटलं, "तुझ्या बापाला तू दोनदा पुरलंस."

विसीने चमचा टाकला. तोंड उघडलं. सातुरिओने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि ती गप्प बसली. मग तो म्हणाला, "हो आई. मसूर वाढ."

मी वाढले. त्याने सगळे खाल्ले, ताट पावाने पुसून.

१२ जुलै, शुक्रवार

तळघराच्या तुळया काढून जाळतायत. धूर गावावर बसला आहे. विसीने वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला घेतले.

मी प्राक्सेदेसच्या दुकानात पाव आणायला गेले. आत आणखी दोघी. प्राक्सेदेस मला लहानपणापासून ओळखते, आणि लहानपणापासून मला तिचा कंटाळा आहे. म्हणाली, "ओनेसिमा, एक विचारू? तुझा सातुरिओ म्हणतो, तुळया तोच धूत होता. ब्लीचने."

मी म्हटलं, ब्लीच नव्हे, क्लोरीन.

तिने फळीवरून बाटली काढली, माझ्यापुढे ठेवली आणि लेबलावर बोट ठेवलं. वाचायला वेळ लागला, अक्षर बारीक. क्लोरीन. होतं तिथे.

ती म्हणाली, "सातुरिओने माझ्याकडून कधी एक बाटली नेली नाही. तूच नेत होतीस, आणि मी बोलत होते, ओनेसिमा, एवढं ब्लीच पितेस की काय."

मी पाव न घेता आले.

धूर अजून आहे. खिडकी लावली तरी येतो. त्यात काय जळतंय ते मला माहीत आहे, मी त्याच्या प्रत्येक सांध्यात ब्रश घातला आहे.

१३ जुलै

सातुरिओ कोंबड्यांच्या खुराड्याला जाळी ठोकत होता. सान मिगेलला घर सोडायचं आणि हा जाळी ठोकतो. मी उलटी बादली घेऊन त्याच्यासमोर बसले.

"कधी कळलं तुला?"

त्याने खिळा तोंडातून काढला. "फ्रेंच माणसाने तुझ्या हाताकडे पाहिलं तेव्हा."

"आणि बोलला नाहीस."

"काय बोलायचं होतं? तळघर माझं. त्यात कोण काय नेतं ते मुकादमाने बघायचं. मी बघितलं नाही, तेव्हा माझंच."

"मी त्याला पाण्याचं सांगितलं. तू ऐकत होतास."

"ऐकत होतो."

"मी तुला बापाबद्दल बोलले."

"बोललीस," तो म्हणाला. "ती जाळी धर जरा, वर सरकतेय."

धरली. डाव्या हाताने, उजवा अजून घट्ट पकडत नाही. तो ठोकत राहिला. मी माफी मागितली नाही. माफीने त्याला कोणी कामावर ठेवणार नाही, आणि त्याने ती ऐकून घेतली असती हे आणखी वाईट. शेवटचा खिळा बसल्यावर मी विचारलं, तुझ्या नाकाला खरंच कधी कळलं नाही? म्हणाला, मागच्या वर्षी एकदा वाटलं होतं. पण वर आलो तर तू दारात होतीस, हात लालभडक, आणि जपानी टाळ्या वाजवत होते.

विसीला सगळं ठाऊक होतं. तरी तिने महिनाभर माझी बोलणी खाल्ली. बाई वाटली त्यापेक्षा चिवट आहे. हे तिला सांगायचं नाही, डोक्यावर बसेल.

१६ जुलै, मंगळवार

आज दोन्या मेन्सिया स्वतः घरी आली. बसली नाही. गुरुवारी विमा कंपनीचा माणूस येणार, वकील घेऊन. नुकसान भरून मिळायचं तर मुकादमाने त्यांच्यासमोर तोंडाने सांगायचं की त्याने हे मालकांनी बजावलेलं असताना, ते न जुमानता केलं. सातुरिओ म्हणाला, सांगेन. ती म्हणाली, त्यानंतर पुढे काय होईल ते वकील बघतील, कदाचित कोर्टही, पण मी तुझ्या वडिलांना विसरणार नाही. मग मला म्हणाली, ओनेसिमा, तुमची तब्येत कशी आहे, आणि उत्तरासाठी थांबली नाही.

बजावलेलं असताना. कोणी, कधी, कोणाला बजावलं? बजावणारा एकच होता, तो जमिनीखाली आहे, आणि त्याचं मी ऐकलं नाही. हिने तर झगा वर धरून सांगितलं होतं, तुमच्या स्वयंपाकघरात करता तेच इथे करा. मी तिच्या एक पायरी खाली उभी होते. मला तिच्या बुटाचा रंगही आठवतो.

ती गेल्यावर मी सातुरिओला म्हटलं, गुरुवारी तू काही बोलणार नाहीस. म्हणाला, आई, तू यात पडू नकोस, तुला कोर्टात उभं करतील. मी म्हटलं, उभं करू दे, बसून कंटाळा आला आहे. म्हणाला, तुझं नाव गावात कायमचं जाईल. मी म्हटलं, ते तर प्राक्सेदेसने शुक्रवारीच विकलं. मग तो ओरडला, पहिल्यांदा, आणि मी ओरडू दिलं. विसी मध्ये आली आणि म्हणाली, आई बरोबर बोलतायत. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

म्हणून इथे लिहून ठेवते, आणि हे पान उद्या टेबलावर उघडं राहील, दोघांनी वाचावं.

विसीने माझा काळा झगा इस्त्री करायचा. मयताचा नाही, लग्नाला घालतात तो. सातुरिओने दाढी करायची आणि बापाचा कोट घालायचा. गुरुवारी दार वाजलं तर मी उघडेन, दुसऱ्या कोणी खुर्चीतून उठायचं नाही. विमावाला विचारेल, ब्लीच कोणी वापरलं. सातुरिओने तोंड मिटून बसायचं, तोंड उघडलंस तर सगळ्यांसमोर थोबाडीत मारीन, उजवा हात तेवढा सुटला आहे. त्याचं उत्तर मी देणार. मग मी विचारेन, तळघर स्वयंपाकघरासारखं करायला कोणी सांगितलं. आणि त्याचं उत्तर दोन्या मेन्सियाने द्यायचं, उभं राहून, माझ्याकडे बघून.